काम दाखवायची बैठक रुखवतासारखी नको, धुण्याच्या घाटासारखी हवी

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. लातूरला तुमचा चौदा जणींचा आर्ट क्विल्टचा, म्हणजे चित्रासारख्या मांडणीच्या गोधड्यांचा गट, दहा महिने झाले, दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी जमता, जी ती आपलं काम आणते, सतरंजीवर पसरते, सगळ्या "मस्त गं, भारी गं" म्हणतात, फोटो, चहा, संपलं. आणि दोन बैठकांपूर्वी एकीनं तोंड उघडलं, एका वयस्कर मावशींच्या वाकळेला, म्हणजे जुन्या लुगड्यांच्या गोधडीला, "टाके लई मोठे आलेत" म्हणाली, तेव्हापासून मावशी आल्याच नाहीत. आता तुम्ही विचारताय की टीका बंदच करून टाकावी का, पूर्ण झालेलंच काम आणायचं असा नियम करावा का, आणि एकीनं दुसरीचं डिझाईन उचललं म्हणून जो वाद चाललाय त्याचं काय करायचं.

मी अंबाजोगाईची, वय एकसष्ट. सहाव्या वर्षी आजीला सुईत दोरा ओवून द्यायला बसले ती अजून उठले नाही असं समजा. आमचा गट सोळा वर्षांपूर्वी पाच जणींचा सुरू झाला, आज बावीस आहेत, त्यात बँकेतल्या आहेत, शाळेतल्या बाई आहेत, दोघी ऊसतोडीला जाणाऱ्या आहेत. तुमच्यासारखंच आमच्याकडं पण झालं होतं आणि गट मोडायलाच आला होता, त्यामुळं जे सांगतेय ते सगळं भोगून झालेलं आहे.

माझं म्हणणं असं आहे की तुमच्या गटात टीका जास्त झाली का कौतुक जास्त झालं हा प्रश्नच नाही. मावशींची वाकळ कुणी बघितलीच नाही, अडचण ती आहे. "मस्त" म्हणणारीनं पण नाही बघितली आणि "टाके मोठे" म्हणणारीनं पण नाही बघितली.

ह्याचं मूळ मला तरी रुखवतात दिसतं. विचार करा, आपल्याकडं बाईनं हातानं केलेलं काम चारचौघांत मांडायची जागा कोणती होती? लग्नातलं रुखवत. नाहीतर महालक्ष्म्यांची आरास. टेबलावर ओळीनं मांडायचं, मुलाकडच्या बायका समोरून सरकत जाणार, नजर फिरवणार, एखादी कोपरा उचलून मागची बाजू बघणार, आणि तोंडानं "छान केलंय हं" म्हणणार. ते बघणं कापडाचं नव्हतंच, ती पोरीची परीक्षा होती. माझ्या रुखवतातल्या दुपट्याचा कोपरा एका बाईनं असा उलटला होता, बोलली काहीच नाही, पण ते मला बेचाळीस वर्षांनी पण आठवतं. मग पन्नाशीच्या बाईनं तुमच्या सतरंजीवर वाकळ पसरली की तिच्या पोटात तेच कालवतं, आणि बघणाऱ्या पण तशाच बघतात, लांबून, सरकत सरकत.

पण आपल्याकडं दुसरी पण एक जागा होती, आणि ती आपण विसरलो. घटस्थापनेच्या आधी घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं धुवायची, त्यासाठी गावच्या सगळ्या बायका नदीला, नाहीतर विहिरीवर जायच्या. तिथं गोधडी मांडलेली नसते, ती ओली, जड, उघडी पडलेली असते. एकटीला पिळता येत नाही, दोघी लागतात, एक ह्या टोकाला आणि एक त्या टोकाला. आणि पिळता पिळता गोष्टी निघतात, "हे हिरवं इरकल कुणाचं गं", "माझ्या सासूचं, तिला आवडायचं", "इथं विरलंय बघ, ह्या दिवाळीला ठिगळ लाव नाहीतर आतलं धोतर बाहेर येईल", "हा टाका कसा घातलाय तू, दाखव बरं". दोन्ही बाजू दिसतात, फाटलेलं दिसतं, हात लागतो, सल्ला मिळतो, आणि कुणालाच परीक्षा दिल्यासारखं वाटत नाही. आमच्या गटात जे जे बदललं ते मी ह्या घाटावरून उचललंय.

पहिली गोष्ट, कुणीही आपलं काम एकटीनं दाखवायचं नाही. दोघी धरतात, करणारी एका टोकाला आणि दुसरी कुणीतरी दुसऱ्या टोकाला, ती दुसरी दर वेळी वेगळी. ऐकायला बारीकशी गोष्ट वाटेल पण ज्या बाईनं स्वतःच्या हातात वजन घेतलंय ती "मस्त" म्हणून सुटू शकत नाही, तिला आतले थर कळतात, कुठं जाड कुठं पातळ ते बोटांना लागतं. मग खाली पसरायचं, सगळ्या गोल बसणार, आणि दोन मिनिटं कुणी एक शब्द बोलायचा नाही. हात लावायचा, जवळून बघायचं, उठून लांब भिंतीपाशी जाऊन बघायचं, मग पालथी करायची आणि परत तेवढंच. पहिल्या वेळेस दोन मिनिटं गप्प बसायचं म्हणजे सगळ्यांना हसू फुटतं, फुटू द्या, तिसऱ्या बैठकीपर्यंत सवय होते.

उलटी बाजू बघायचीच, हे मी आग्रहानं सांगते. रुखवतात उलटी बाजू चोरून बघायचे, इथं सगळ्यांनी मिळून उघड बघायची, म्हणजे त्यातला डंख जातो. सगळी विद्या तिकडंच असते. गाठ वर ठेवली का आत ओढून घेतली, दोरा कुठं संपला, टाका वर येतो तेवढाच खाली जातो का, सुई सरळ खाली गेली का तिरकी. नवीन शिकणारीला यूट्यूबच्या दहा व्हिडिओतून मिळत नाही ते एका उलट्या बाजूतून मिळतं.

मग बोलायचं. आधी करणारी बोलते, आणि तिनं फक्त तीन गोष्टी सांगायच्या, कापड कुठून आलं, कुठं अडलं, आणि तुम्हाला काय विचारायचंय. "माझं काही एवढं खास नाही" हे वाक्य आमच्याकडं बंद आहे, म्हटलं की बाकीच्या थांबवतात आणि परत सुरू करायला लावतात. प्रश्न एकच विचारायचा पण खरा विचारायचा. "कसं वाटतंय" हा प्रश्न नाही, त्याला "छान" हेच उत्तर येणार. "हा लाल तुकडा इथं डोळ्यात खुपतोय का", "गोट, म्हणजे कडेची पट्टी, काळा लावू का त्याच कापडाचा", "इथं चुण्या का पडल्या" हे प्रश्न. त्यानंतर बाकीच्यांनी आधी दिसलं ते सांगायचं, चांगलं वाईट नाही, नुसतं दिसलं ते. "माझी नजर आधी ह्या कोपऱ्यात गेली." "मला हे शेत वाटलं." "इथं बोट फिरवलं की गोळा लागतो." आणि मग तिनं जे विचारलंय त्याच्यावर सल्ला. तिनं जे विचारलं नाही त्याच्यावर काही सांगायचं असलं तर आधी विचारायचं, सांगू का म्हणून, आणि ती नको म्हणाली तर नको.

एक उदाहरण देते, तुम्ही लातूरच्या आहात म्हणून मुद्दाम हेच निवडलं. आमच्यातल्या एका पोरीनं, म्हणजे तीसेक वर्षांची, पाण्याच्या रेल्वेवर भिंतीवर लावायचं क्विल्ट करायला घेतलं. २०१६ च्या एप्रिलमध्ये दुष्काळात मिरजेहून लातूरला जी गाडी आली, पहिल्या फेरीला दहा टँकर आणि पाच लाख लिटर पाणी, ती. तिनं डबे फार मन लावून केले होते, गिरद्याच्या जुन्या खोळीचं करडं कापड, त्याच्यावर इतके बारीक टाके की इंचाला नऊ-दहा, आणि बाकीची जमीन, म्हणजे डब्यांभोवतीचं कापड, मोकळीच ठेवली, कुठंतरी एखादी ओळ. तिचा प्रश्न होता की एवढं काम करून पण डबे उठून का दिसत नाहीत आणि जमीन अशी फुगून झोळ का पडलाय.

झोळाचं उत्तर सोपं आहे आणि ते तुमच्या गटात पण लागेल म्हणून सांगते. टाक्याची प्रत्येक ओळ थोडं थोडं कापड खाते. जिथं दाट टाके तिथं कापड आखडतं, जिथं टाके नाहीत तिथं ते आहे तेवढंच राहतं, मग ते जास्तीचं कापड जाणार कुठं, ते फुगतं. म्हणून दाटपणा सगळीकडं साधारण सारखा ठेवायचा, नाहीतर दाट आणि विरळ हळूहळू एकमेकांत मिसळायचं, एकदम नाही. आणि मधून बाहेर शिवत जायचं असेल तर तसंच जायचं, कडेनं आत येणाऱ्या आपल्या जुन्या पद्धतीनं यायचं असेल तर थर धरून ठेवणारे कच्चे टाके आधी चांगले दाट घालून घ्यायचे, वीतभर अंतरावर घालून चालत नाही, चार बोटांवर घालायचे. आणि टाक्यानं जागा खाली दबते, न शिवलेली जागा वर येते, त्यामुळं तिचे डबे खाली बसले आणि जमीन वर आली, नेमकं उलटं झालं. डबे मोकळे आणि जमीन दाट केली असती तर डबे आपोआप उठले असते.

पण त्या दिवशीची खरी गोष्ट पुढं आहे. आमच्यातली एक बाई, शाळेत कधी गेलेली नाही, ती बराच वेळ त्याच्यावर हात फिरवत होती, ती म्हणाली, "डबे दिसायलेत माय, पण पाणी कुठंय? पाणी डब्यात आहे ते बाहेरून दिसायचं नाही. पाणी दिसतं ते घागरींच्या रांगेत." कुणी काही बोललं नाही थोडा वेळ. त्या पोरीनं जमिनीवर घागरींची रांग शिवली, वेगवेगळ्या लुगड्यांच्या कडांची, पितळी पिवळी, स्टीलची करडी, प्लास्टिकची निळी, आणि रांगेच्या निमित्तानं जमीन दाट झाली तसा झोळ पण बसला. ती रांग तुम्ही उभ्या राहून बघितली असेल ताई, तुम्हाला जास्त काय सांगू.

हे सगळं घडू शकलं कारण ते काम अपुरं होतं. म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर स्वच्छ नाही असं आहे. पूर्ण झालेलंच आणायचं हा नियम करू नका. गोट लागला की काम बंद झालं, त्याच्यानंतर दिलेला सल्ला कामाला येत नाही, निव्वळ टोचतो. आमच्याकडं उलटा नियम आहे, निम्मी कामं तरी अपुरी असली पाहिजेत. कुणी नुसती कापडं आणते बोचक्यात बांधून आणि फरशीवर मांडून विचारते कशी लावू, ते पण काम दाखवणंच आहे, किंबहुना मला तर तेच बघायला सगळ्यात आवडतं.

आणि दुसरं कारण, आपल्या भागात सगळ्यांचं वर्ष सारखं नसतं. आमच्यातल्या ज्या दोघी ऊसतोडीला जातात त्या दिवाळीच्या आगेमागे टोळीबरोबर निघतात आणि फाल्गुन-चैत्रात परत येतात, म्हणजे पाच-सहा महिने त्या गटात नाहीतच. पूर्ण काम आणा म्हटलं असतं तर त्या पहिल्याच वर्षी सुटल्या असत्या. त्यातली एक कोपीत, म्हणजे तोडीवरच्या झोपडीत, बसून शिवते, पहाटे तीनला फडात जायचं आणि दुपारची जी काय तासभर सवड मिळेल तेवढ्यात. मागच्या पाडव्याला तिनं जे आणलं त्याला चुलीच्या धुराचा वास होता आणि एका कडेला पाचटाचा डाग. तिनं विचारलं, धुऊन आणू का? आम्ही म्हटलं नको, आधी असंच बघू. त्यात वाळलेल्या पाचटाचा जो पिवळट करडा रंग असतो तो तिनं जुन्या धोतराला चहाच्या पाण्यात बुडवून बुडवून आणला होता, चार छटा, ओळीनं. बँकेतली बाई, जिच्या घरी हजारो रुपयांची कॉटन घडी करून ठेवलेली आहेत, ती दुसऱ्या महिन्यात चहाचं पाणी करून बसली.

आता मावशींच्या टाक्यांकडं येते. जी बाई "मोठे टाके" म्हणाली तिचा हेतू वाईट नसणार, ती बहुतेक मशीनवर नाहीतर व्हिडिओ बघून शिकलेली असणार जिथं इंचाला आठ-दहा टाके हे चांगलं समजतात. ते मोजमाप पातळ कामाचं आहे, वर एक कापड, आत पातळ भर, खाली एक कापड. आपली वाकळ म्हणजे वर-खाली लुगडी आणि आत जुनी धोतरं, पातळं, कधी सहा तर कधी आठ थर. त्यातून जाड दोरा घेऊन इंचाला तीन-चार टाके निघाले तर तो हात कसलेला समजायचा. तिथं टाक्याच्या लांबीपेक्षा दोन ओळींमधलं अंतर महत्त्वाचं. आतलं धोतर विरलेलं असलं आणि ओळी फार लांब लांब असल्या की दोन धुण्यांत आतला थर तुटून गोळा होतो आणि वाकळ कायमची गाठीगाठीची होते. बोट-दीड बोटाच्या अंतरावर ओळ असेल तर तीच वाकळ वीस वर्षं जाते. मावशींची वाकळ हातात घेतली असती तर हे बोटांना कळलं असतं, लांबून नुसता टाका दिसला.

आणि ज्यांना अजून वाटतं की वाकळ ही घरगुती आणि आपण करतो ती कला, त्यांना अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या जीज बेंड गावच्या बायकांची गोष्ट सांगा. नदीच्या वळणावरचं गरीब गाव, शेतात राबणारी काळी माणसं, थंडीला पांघरूण पाहिजे म्हणून बायकांनी कामाच्या फाटक्या पॅन्टी-शर्टांची क्विल्ट्स केली, खिसा उसवलेल्या जागेचा न विटलेला गडद निळा तसाच ठेवून. २००२ मध्ये तीच क्विल्ट्स ह्यूस्टनच्या मोठ्या म्युझियममध्ये आणि मग न्यूयॉर्कला भिंतीवर लागली, आणि २००६ मध्ये अमेरिकेनं त्यांची टपाल तिकिटं काढली. मी ते फोटो आमच्या एका मावशींना मोबाईलवर दाखवले तर त्या म्हणाल्या, "ह्यांच्याकडं धोतरं नसत्याल, म्हणून पँटचं केलंय. पण रंग कसा लावलाय बघ." एका वाक्यात ज्याला इतकी पुस्तकं लागली ते सांगून टाकलं. आणि लांब कशाला जायचं, शेजारच्या कर्नाटकात उत्तर कन्नडच्या जंगलपट्टीत सिद्दी लोक राहतात, मूळचे आफ्रिकेतून आलेले, त्यांच्या बायका कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, करतात, कडेपासून सुरू करून फिरत फिरत मध्यात येतात आणि चारी कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाचं फूल लावतात. त्या फुलाचा उपयोग काहीच नाही, पण त्याच्याशिवाय कवंदी उघडी आहे असं त्या मानतात. कलेचं शिक्षण घेतलेल्यांनी ह्याच्याहून वेगळं काय करायचंय?

डिझाईनच्या वादाचं. हा वाद मला कधीच आवडला नाही पण तो टाळून चालत नाही. चौकोनात चौकोन, त्रिकोणांची कड, ठिगळांची सापशिडीसारखी मांडणी ही कुणाच्या बापाची नाही, ती आपल्या आज्यांची आहे आणि सगळ्यांनी बिनदिक्कत घ्यावी. पण एखादीनं मनातून काढलेलं चित्र, जसं ती घागरींची रांग, ते तिचं आहे. ते आवडलं तर तिला विचारा, आणि ती हो म्हणाली तर आपल्या क्विल्टच्या मागं तिचं नाव लिहा. क्लासमध्ये शिकवलेला नमुना केला असेल तर शिकवणारीचं नाव. तांड्यावरच्या बंजारा बायकांचं काम, आरसे, कवड्या, तो दाट टाका, शिकायला मिळालं तर शिका जरूर, आमच्यात दोघी शिकल्या किनवटकडच्या एका बाईकडून, पण स्वतः केलेलं "बंजारा वर्क" म्हणून विकू नका. कर्नाटकात संडूरच्या लंबाणी भरतकामाला भौगोलिक मानांकन आहे ते काही उगीच नाही, त्या नावावर त्या बायकांचं पोट आहे.

मागं पट्टी लावायची सवय ह्याच्यासाठीच लावा. बोटभर रुंद पांढऱ्या कापडाची पट्टी, त्याच्यावर दोऱ्यानं, पेननं नाही कारण शाई उडते, करणारीचं नाव, गाव, महिना आणि साल, कापड कुणाचं, आणि कुणाकडून शिकले. आमच्याकडं पट्टी नसेल तर काम बघतो पण फोटो काढत नाही. फोटोचं पण विचारायचं आधी, दर वेळी. फोटो सकाळी सावलीत काढा, आपल्याकडच्या दुपारच्या उन्हात लाल रंग सगळा भगभगीत येतो आणि टाके दिसत नाहीत.

रंगावरून आठवलं, एकमेकींच्या कामाला रंग लागल्यावरून पण भांडणं होतात, विशेषतः सगळ्यांनी मिळून एकच मोठं क्विल्ट करायचं ठरवलं की. प्रत्येक कापड आधी तपासायचं, पांढरा सुती तुकडा ओला करून त्याच्यावर दाबून इस्त्री फिरवायची, रंग लागला तर ते कापड पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायचं, आणि तरी सुटत असेल तर ते त्या क्विल्टमध्ये घालायचंच नाही. मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो म्हणतात, बाजारातल्या रंगवलेल्या कापडाला त्यानं काही होत नाही, मी एक अख्खं दुपटं त्या भरवशावर घालवलंय. नवीन सुती कापड पण आधी धुऊनच घ्या, ते आटतं, आणि जुनं लुगडं आटून बसलेलं असतं, दोन्ही शेजारी शेजारी शिवलं की पहिल्या धुण्यात चुण्या. आणि सामायिक क्विल्टचे चौकोन प्रत्येकीनं आपापल्या घरी कापू नयेत, मोजपट्ट्या सुद्धा सारख्या नसतात. एकीनंच सगळ्यांचे पाठीमागचे तुकडे तेरा इंचांचे कापून वाटायचे, काम करून आले की तिनंच सगळे साडेबारावर आणायचे, जोडल्यावर बरोबर बारा मिळतात.

एकदा छत्रपती संभाजीनगरहून एकीनं हिमरूच्या, म्हणजे तिथल्या नक्षीदार विणीच्या कापडाच्या, कडा आणल्या होत्या, फार सुंदर, पण मागच्या बाजूला सुटे धागे असतात ना, ते सुईत अडकायचे आणि कडा उसवायच्या. मागं मलमल लावून, शिवण जरा रुंद घेऊन मग जमलं. जुन्या पैठणीचा काठ असेल तरी हेच, रेशीम जीर्ण झालेलं असतं, त्याला मागून आधार द्या आणि ते क्विल्ट टांगून ठेवू नका.

टांगायचं काम असेल तर दोरीला चिमटे लावून टांगू नका, सगळं वजन दोन-चार ठिकाणी येतं आणि वरची कड लाटांसारखी होते. मागं वरच्या कडेला परकराला करतो तसा नेफा शिवायचा, चार इंच रुंद, दोन्ही बाजूंनी कडेपासून थोडा आत, त्यात बांबूची काठी नाहीतर पडद्याचा रॉड. एवढं पुरतं. हॉल नाही म्हणून अडून बसू नका, अमेरिकेत क्विल्ट नॅशनल नावाचं जे आज मोठं प्रदर्शन समजतात ते १९७९ मध्ये ओहायोतल्या अथेन्स गावात गाईंच्या एका जुन्या गोठ्यात सुरू झालं. आम्ही पहिली चार वर्षं एकीच्या ओसरीवर बसायचो आणि लाईट गेली तरी अडायचं नाही, कारण बैठक सकाळी दहालाच असायची.

वेळेचं एक सांगून ठेवते. चौदा जणी आणि चौदा कामं एका बैठकीत होत नाहीत, शेवटच्या चौघींच्या वाट्याला चहाची घाई येते आणि त्या बहुतेक लाजऱ्याच असतात. सहा कामं, प्रत्येकी दहा मिनिटं, बाकीच्या पुढच्या महिन्यात. जी नवीन आहे किंवा जी घाबरते ती दुसऱ्या नंबरला, पहिली नको आणि शेवटची तर नकोच. चहा आणि खाणं सगळं आवरल्यावर, वेगळ्या जागी, हळदीच्या बोटाचा डाग मी मलमलवरून आजपर्यंत काढू शकलेले नाही. आणि हात धुऊन बसायचं, उन्हाळ्यात तर मध्ये उठून परत धुवायचे, घाम कापडावर पिवळा उमटतो.

घटस्थापनेच्या आधीची बैठक मात्र वेगळी करा. त्या वेळी घरोघरी अंथरुणं निघालेली असतात, सगळ्यांना सांगा की स्वतःचं काम नको, घरातली सगळ्यात जुनी वाकळ आणा. आमच्याकडं पहिल्यांदा अशी बैठक झाली तेव्हा अकरा वाकळा आल्या, एकीची तर आतून आणखी एक जुनी वाकळच निघाली, सासूनं आपल्या सासूच्या वाकळेवर नवं लुगडं चढवलेलं. त्या दिवशी तीन तास कुणी उठलं नाही. आणि त्या दिवशी तज्ज्ञ कोण होतं? सगळ्यात म्हाताऱ्या बायका. पोरी विचारत होत्या आणि त्या सांगत होत्या.

आता मावशी. फोन करू नका, ग्रुपवर माफी तर अजिबात नको, त्यानं त्यांनाच अवघड होईल. आमच्याकडं ज्या मावशी अशाच सुटल्या होत्या त्यांच्या घरी मी तीन महिन्यांनी गेले, आणि ते तीन महिने मी उगीच घालवले, लाज वाटत होती म्हणून. जी बोलली होती तिला बरोबर घेतलं आणि माझ्या आईची विरलेली वाकळ घेतली, खरंच विरलेली, मधे वीतभर भोक. म्हटलं मावशी, हे कसं सांधायचं मला कळंना. त्यांनी आधी ती पालथी केली. मग म्हणाल्या, तुझ्या आईचा हात डावा होता का? होता. ते मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं, टाक्याच्या तिरकेपणावरून त्यांनी ओळखलं. मग जी बोलली होती तिलाच म्हणाल्या, "तू धर गं ते टोक." संध्याकाळपर्यंत ठिगळ बसलं, आणि निघताना त्यांनी ट्रंक उघडून सात वाकळा दाखवल्या, एकेक करून, दोन्ही बाजूंनी. तुमच्या आईची नसेल तर सासूची घेऊन जा, पण खरंच सांधायला आलेली असू द्या, आणि दोघीच जा.